घर पाहून मारलेली रेघ

आमच्या निवडणूक शाखेत पंख्याखालच्या खुर्चीसाठी माणसं आपसात रुसत-फुगत. मनवरबाबू मात्र पंख्यापासून सगळ्यात लांब, नकाशाच्या भिंतीला पाठ लावून बसत. यवतमाळचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला यातला वेडेपणा कळेल. वाऱ्यानं मतदार यादीची पानं उडतात, असं ते सांगत. मला वाटतं, खरं कारण तो नकाशा होता.

यवतमाळ लोकसभा मतदारसंघाचा जुना नकाशा. कापडावर काढलेला, कडांना पिवळा पडलेला. खालच्या अंगानं पैनगंगा, उजवीकडून वर्धा, आणि सगळ्याला वेढून कुणा जुन्या आरेखकानं मारलेली हिरवी रेघ. कुणी गावाचं नाव घेतलं की बाबू मान न वळवता हात मागे नेत आणि बोट ठेवत. हे नेर. हे घाटंजी. हे राजूर. मी नवीन होते तेव्हा दोनदा उठून पाहिलं. बोट बरोबर त्याच गावावर होतं.

शालिकराम गोविंदा मनवर, अव्वल कारकून. अंगानं किरकोळ, पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशात दोन पेनं. निळं पेन साधं होतं. लाल पेनच्या टोपणाला दोरा गुंडाळून गाठ मारलेली असे. ती गाठ सोडायला अर्धा मिनिट लागे, आणि तेवढा वेळ लागावा म्हणूनच ती मारलेली होती. लाल पेन मतदार यादीतून माणूस कमी करण्यासाठी होतं.

मी अमरावतीहून बदलून आले होते. कामाला चटपटीत असल्याचा मला तेव्हा बराच गर्व होता. पहिल्याच आठवड्यात टेबलावर आलेले तीन मयतांचे फॉर्म घेतले, यादीतली तीन नावं शोधली आणि चहा येईपर्यंत तिन्ही कापून मोकळी झाले. बाबूंनी पान पाहिलं.

"ताई, घर पाह्यलं का?"

"कुणाचं?"

"ज्याईले तुमी मारलं त्याईचं."

मला राग आला. फॉर्मवर सही होती, शिक्का होता, आणखी काय हवं? बाबू वाद घालणारे नव्हतेच. शनिवारी त्यांनी मला एसटीत बसवलं आणि तिघांपैकी एकाकडे नेरला घेऊन गेले. तो मयत कापूस बाजाराच्या फाटकाशी चहाच्या टपरीवर बसून बशीतून चहा पीत होता.

"मी मेलो अन् मलेच पत्ता नाही?" तो म्हणाला. "कोनं सांगतलं तुमाले?"

"तुमच्या भावानं फॉर्म देल्ला," बाबू म्हणाले.

"मंग बराबर हाय. वावराच्या धुऱ्यावरून भांडन झालं तवापासून तो मले मेलाच म्हन्ते."

त्यानं आम्हा दोघांना चहा पाजला. बाबूंनी तिथंच मांडीवर वही ठेवून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'जिवंत. समक्ष पाहिले. चहा दिला.' परतीच्या एसटीत मी खिडकीबाहेर पाहत बसले. 

"रेघ माराच्या आंधी घर पाहून या." हे त्यांचं एकच म्हणणं होतं आणि ते सगळ्यांसाठी होतं, साहेबांसाठीसुद्धा. राजूरच्या खाणीकडच्या वस्तीत दुसऱ्या मुलखातून आलेले मजूर राहत. ती माणसं कुठं टिकतात, म्हणून त्यांची नावं सरसकट काढून टाकावीत असं एका साहेबानं सुचवलं. बाबू तीन रविवार स्वतःच्या खर्चानं राजूरला गेले. तिसऱ्या रविवारी परतले तेव्हा सदऱ्याच्या कॉलरवर कोळशाची काळी कड होती. सोमवारी त्यांनी साहेबांपुढं नावांची यादी ठेवली आणि एवढंच म्हटलं, "हे लोक हायेत, साहेब. मी भेटून आलो." नावं राहिली.

हे सगळं कशातून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. पहिल्या निवडणुकीच्या वेळी यादी करणारा माणूस त्यांच्या वस्तीत आला होता. वस्तीच्या तोंडाशी उभं राहून, बाहेरूनच विचारून, त्यानं नावं लिहून घेतली. बाबूंच्या आईनं आपलं नाव सांगितलं नाही, आणि त्यानंही पुन्हा विचारलं नाही. 'भीमरावची माय' असं लिहिलं आणि गेला. भीमराव म्हणजे बाबूंचे थोरले भाऊ. अशी नावं पुढं यादीतून गळली, आणि मायचं पहिलं मत गेलं. मग छप्पन साली नागपूरला दीक्षा झाली, घर बौद्ध झालं, आणि पुढच्या यादीच्या वेळी ती माउली स्वतः रस्त्यावर जाऊन उभी राहिली. तिनं पुरं नाव सांगितलं: सखूबाई गोविंदा मनवर.

"माह्या मायचं पुरं नाव सरकारनं पह्यल्यांदा लिहिलं ते या मतदारसंघात," बाबू म्हणाले, आणि हात मागे नेऊन नकाशावर टेकवला. "आपला जिल्हा आंधी मध्य प्रदेशात होता, मंग मुंबई राज्यात, मंग महाराष्ट्रात. राज्यं तीन झाली, ताई. मतदारसंघ यवतमाळच."

सीमा मधून मधून मागंपुढं झाल्या होत्याच, ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण नाव तेच होतं, आणि त्यांना ते पुरेसं होतं.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. कारणं रोज पेपरात छापून येत. आमच्या शाखेत कारणं येत नसत, फक्त फॉर्म येत. पूर्वी मयतांच्या फॉर्मवर वय सत्तर, ऐंशी असं असायचं. आता अडतीस, एकतीस, चव्वेचाळीस येऊ लागलं. चाळिशीच्या आतलं नाव आलं की बाबू उठून उभे राहत, गाठ सोडत, पोलादी फुटपट्टी ओळीवर ठेवत आणि उभ्यानं रेघ मारत. आधी आम्हाला ते नाटक वाटलं. एका पोरगेल्या कारकुनानं तर त्यांची नक्कलही केली. पुढं असे फॉर्म इतके येऊ लागले की बाबू सकाळचे दोन-दोन तास खाली बसेनात. मग कुणी हसेनासं झालं.

रविवार पुरेनात. मग ऑफिस सुटल्यावरही ते घरं पाहायला जात. लोकसभेची निवडणूक जाहीर झाली, याद्या दोन दिवसांत छापायला द्यायच्या होत्या, आणि शेवटच्या गठ्ठ्यात घाटंजीच्या पुढच्या एका लहान गावचा एक फॉर्म राहिला. गावाचं नाव राहू द्या. कोतवालानं सोबत चिठ्ठी दिली होती, नाव आणि अनुक्रमांक लिहून. महादेव राऊत, वय सदतीस. बाबूंनी आयुष्यात पहिल्यांदा घर न पाहता गाठ सोडली. उभे राहिले, फुटपट्टी ठेवली, रेघ मारली.

फुटपट्टी एक ओळ खाली बसली होती.

मतदानाच्या दिवशी मी आणि बाबू कलेक्टर ऑफिसात फोनवर होतो. दुपारी त्या गावाहून फोन आला. एक बाई शाळेसमोर बसून आहे, उठत नाही, काय करावं? यादीत तिच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव आहे आणि तिचंच नाव मयत म्हणून कमी झालंय. टेबलावरच्या माणसानं तिला सांगितलं, "बाई, तुमच्या मालकाचं नाव हाय, तुमचं नाही." त्यावर ती म्हणाली, "मंग त्याईलेच बोलवा."

मी हे बाबूंना सांगितलं. त्यांनी अनुक्रमांक विचारला, ऑफिसची प्रत काढली, पान उघडलं. ओळीवर बोट ठेवून ताडून पाहिलं.

"ही माही रेघ होय," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

तिला मत देऊ देण्याची नियमात वाट नव्हती. असती तर ती बाबूंनाच सगळ्यात आधी ठाऊक असती. तरी ते तीन साहेबांकडे जाऊन आले. अनसूया महादेव राऊत मतदान संपेपर्यंत, पाच वाजेपर्यंत, शाळेसमोरच्या कडुनिंबाखाली बसून होती. कुणीतरी पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबू मला म्हणाले, "ताई, माह्यासंगं चला. बाईमानसाचं घर हाय, एकटं जानं बरं नाही." खरं म्हणजे त्यांना एकट्यानं जायचा धीर नसावा. गावची थेट गाडी चुकली, म्हणून घाटंजीपर्यंत एसटी, पुढं ऑटो. अनसूयाबाई दारातच भेटल्या. पस्तिशीच्या असतील, चेहरा उन्हानं रापलेला. आम्हाला त्यांनी खाट दिली आणि स्वतः उंबऱ्याशी बसल्या.

बाबू खाटेवर बसले नाहीत. "बाई, तुमचं नाव मी कापलं. मालकाचं कापाचं होतं, तुमचं कापलं. घर न पाहता कापलं."

त्या उंबऱ्यावरून उठून बाजूला झाल्या. मग म्हणाल्या, "मंग पाहा आता घर."

त्यात राग नव्हता. असता तर सोपं गेलं असतं. बाबूंनी खरंच घर पाहिलं. एक खोली, चूल, पाण्याचा ड्रम, वेचणीला कमरेशी बांधायचं कापड दोरीवर वाळत टाकलेलं. समोरच्या भिंतीवर एक रिकामा खिळा आणि त्याखाली भिंतीचा एक चौकोनी तुकडा बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ.

"इथं काय होतं?"

"याईचा फोटू."

महादेव गेल्यावर आठवड्याभरात एक पुढारी भेटायला आला होता. या निवडणुकीत उभ्या असलेल्या बऱ्याच जणांतला एक. सोबत कॅमेरावाला. पुढाऱ्यानं भिंतीवरून फोटो काढून अनसूयाबाईंच्या हातात दिला, त्यांच्या शेजारी बसून छायाचित्र काढून घेतलं, आणि पेपरात मोठा करून छापायला हवा म्हणून भिंतीवरचा फोटोही घेऊन गेला. घरात महादेवचा तेवढा एकच फोटो होता. मतदाराचं ओळखपत्र आधीच पंचनाम्याच्या कागदांत गेलेलं. त्या दोनदा त्याच्या ऑफिसात जाऊन आल्या. शोधतो म्हणाले. तिसऱ्यांदा आत घेतलं नाही.

"मले कोनाले निवडून आनाचं नोयतं, बाबू," त्या म्हणाल्या. "मले त्या एकाले पाडाचं होतं. माह्यापाशी दुसरं काय हाय?"

मी शहाणपणा करून म्हटलं, "एका मतानं कोणी पडत नाही हो बाई." बाबूंनी हातानंच मला थांबवलं.

"पुढच्या खेपेले तो उभा राह्यला," बाबू म्हणाले, "तं तुमचं मत राहीन. हे मी सांगतो. मी मनवर."

निघताना त्यांनी महादेवचं नाव कमी करायचा फॉर्म पुढं केला. अनसूयाबाईंनी तो हातात घेतला नाही. "राहू द्या ना. घरात तं आता ते कोठीच नाही राह्यले. तुमच्या कागदात तरी राहू द्या."

ज्या माणसानं साहेबांच्या शब्दावर एक नाव काढलं नव्हतं, त्या माणसानं तो फॉर्म घडी घालून खिशात ठेवला. अनसूयाबाईंचं नाव त्यांनी नवीन फॉर्म भरून पुन्हा चढवलं. महादेव राऊत यादीत राहिला, समोर फक्त पेन्सिलीचा एक बारीक ठिपका. हा नियमाचा भंग होता. माझ्या माहितीत त्यांनी केलेला एकच.

तो पुढारी त्या निवडणुकीत पडला. बाबू ते सांगायला मुद्दाम गेले. परत आल्यावर मी विचारलं, बाई काय म्हणाल्या? "म्हन्ते, पडला, पन माह्या हातानं नाही." नंतर ते पुष्कळ वेळ फुटपट्टी फडक्यानं पुसत बसले.

त्या दिवसापासून डबा खाऊन झाला की बाबू गोदामात जाऊन बसू लागले. ओळखपत्रं काढली तेव्हा प्रत्येकाची एक प्रत ऑफिसात राहिली होती, तिच्यावर तोच फोटो. महादेवचीही असणार. पण शाखेची जागा दोनदा बदलली होती, गठ्ठे गावात गाव मिसळले होते, काही उंदरांनी खाल्ले होते. बाबू रोज अर्धा तास शोधत, हात धूत आणि जागेवर येऊन बसत. सापडलं का, असं विचारायचं मी सोडून दिलं.

मग मतदारसंघांची फेररचना आली. कच्चा मसुदा आमच्या टेबलावर पडला तेव्हा बाबूंनी तो उभ्यानंच वाचला. यवतमाळ लोकसभा मतदारसंघ राहणार नव्हता. शहर आणि नेरकडचा भाग वाशीमला जोडून नवा मतदारसंघ होणार होता. वणी, राजूर, घाटंजी, पांढरकवडा हा सगळा पट्टा चंद्रपूरला जाणार होता.

मला त्यात काही गैर वाटलं नाही, आणि मी तसं म्हटलंही. "लोकसंख्येच्या मापानं करतात ते, बाबू. कुठंतरी रेघ मारावीच लागते."

"हाव, नियम मले बी समजते." त्यांनी नेहमीसारखा हात मागे नेला. बोट घाटंजीवर टेकलं आणि तिथंच राहिलं. "यायनं एक तरी घर पाह्यलं का, ताई?" मग स्वतःच म्हणाले, "मी कोनाले बोलू? मी बी पाह्यलं नोयतं."

तेव्हा मला उमगलं की त्यांच्यासमोर नकाशा नव्हताच. तो पुढारी यवतमाळकडचा. पुन्हा उभा राहिला तर इकडंच राहणार. अनसूयाबाईंचं गाव चंद्रपूरला गेलं की त्यांचं मत त्याच्यापर्यंत कधीच पोचणार नव्हतं. बाबूंनी दिलेला शब्द कुणीतरी लांब बसून पुसून टाकला होता, आणि त्या कुणाला तो शब्द दिलेला ठाऊकही नव्हता.

हरकती मागवल्या होत्या. सरकारी माणसाला हरकत घेता येत नाही, म्हणून बाबूंनी अनसूयाबाईंचा अर्ज लिहून दिला. एकच पान. आमच्या गावाहून यवतमाळला जाऊन माणूस दुपारी घरी येतो, चंद्रपूरला जायचं तर मुक्काम पडतो. आमचा बाजार, कोर्ट, दवाखाना, कलेक्टर सगळं यवतमाळला. मग आमचा खासदार चंद्रपूरचा कायले? 'कायले' हा शब्द त्यांनी तसाच ठेवला. मी म्हटलं, अर्जात 'कशासाठी' लिहा. ते म्हणाले, "अर्ज बाईचा हाय."

अर्जाला उत्तर आलं नाही. अंतिम आदेश आला. रेघ मसुद्यातल्या जागीच होती.

बाबूंच्या निवृत्तीला तीन महिने होते. शेवटचं काम म्हणून त्यांच्या वाट्याला वाटणीच आली. गावागावाचे गठ्ठे सोडायचे, वेगळे करायचे, पुन्हा बांधायचे. चंद्रपूरकडं जाणारे एका भिंतीशी, राहणारे दुसऱ्या भिंतीशी. कुणाला ते काम नको होतं. बाबूंनी ते एकट्यानं केलं, आणि त्यात एक दिवस महादेव राऊत सापडला.

ते आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर धूळ होती. हातात तो बोटभर लांबीचा कागद. काळ्यापांढऱ्या फोटोत सदतीशीच्याही आधीचा एक तरुण माणूस, कॅमेऱ्याला बिचकलेला आणि तरी ओठांच्या कडेला हसू. यादीतलं नाव कमी झालं की ऑफिसातली प्रत काढून जाळत, तसा रिवाज होता. अनसूयाबाईंची प्रत त्यांच्या नावाबरोबर कधीच जळली होती. महादेवची राहिली, कारण आमच्या दफ्तरी तो चुकून जिवंत राहिला होता.

यादी चंद्रपूरकडं स्वच्छ जायला हवी होती. पेन्सिलीच्या ठिपक्याचा आता इलाज करावाच लागणार होता. आम्ही दोघं पुन्हा त्या गावी गेलो. बाबूंनी या वेळी यादीचं पान, फुटपट्टी आणि लाल पेन सोबत घेतलं होतं.

अनसूयाबाईंनी तो कागद दोन्ही तळहातांवर घेतला. उजेडाकडे धरला. "हसून राह्यले," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाशी नेला. मी बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले. मलाही रडू आलं होतं, ते लपवायचं काही कारण नाही.

आत गेले तेव्हा बाबू सांगत होते, "अर्ज नाही चालला, बाई. गाव चंद्रपुरात गेलं."

"म्हंजे तो फोटू नेनारा आता मले भेटनारच नाही?"

"नाही."

"मंग तुमचं बोलनं?"

"वाया गेलं," बाबू म्हणाले.

त्यांनी कारणं सांगितली नाहीत. मग पान खाटेवर पसरलं आणि विचारलं, "मालकाच्या नावावर रेघ मारू काय?" अनसूयाबाईंनी एकदा खिळ्याकडे पाहिलं, एकदा हातातल्या कागदाकडे. "मारा." बाबू उभे राहिले. गाठ सोडायला या वेळी फार वेळ लागला. फुटपट्टी अनसूयाबाईंनी दोन्ही हातांनी धरली. ओळ बरोबर आहे ना, ते त्यांनी खाली वाकून पाहिलं. त्यांना अक्षरं थोडीफार येत होती.

निवृत्तीच्या दिवशी बाबूंना नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. भाषणात ते दोन वाक्यं बोलले आणि बसले. मी म्हटलं, तो जुना नकाशा घेऊन जा, आता कुणाला हवाय? "सरकारी हाय तो," ते म्हणाले. गुंडाळून, सुतळी बांधून, कपाटावर ठेवून गेले. लाल पेन त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं, गाठीसकट.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. नव्या मतदारसंघाची पहिली निवडणूक. माझी बदली तोवर पुरवठा शाखेत झाली होती, मतदान केंद्रावरची नेमणूक चिठ्ठीनं निघाली आणि गाव नेमकं तेच आलं. मी पहिल्या टेबलावर, यादी वाचायला. शाळेच्या फाटकापासून नियमाच्या अंतरावर चुन्याची पांढरी रेघ मारलेली होती. तिच्या पलीकडं, कडुनिंबाखाली, सकाळी मी खिडकी उघडली तेव्हा डोक्याला दुपट्टा बांधून एक किरकोळ माणूस बसलेला होता.

मी हात केला. त्यांनी मान हलवली. जन्मभर जे त्या रेघेच्या आत वावरले ते आता बाहेर बसले होते. मला वाटलं, अनसूयाबाईंचं मत पडलेलं डोळ्यांनी पाहायला आले असतील आणि दुपारच्या एसटीनं परत जातील. त्यांचं स्वतःचं मत यवतमाळला होतं, आणि त्यांनी आजवर एकही मत चुकवलेलं नव्हतं.

अनसूयाबाई अकराच्या सुमारास आल्या. मी नाव वाचलं. त्या टेबलावर वाकल्या. "अन् वरची ओळ?"

"वरच्या ओळीत आता शेजारचे आलेत."

"हाव," त्या म्हणाल्या. बोटाला शाई लावून घेतली, पुठ्ठ्याच्या आड गेल्या. खूप वेळ आवाज येईना. मग मशीनचा तो लांब पीऽऽ वाजला. जाताना माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तो नोयता त्यात."

बाबूंनी त्यांना बाहेर येताना पाहिलं असणार. तरी ते उठले नाहीत. दीडची एसटी आली, धूळ उडवून गेली. तीनची आली, गेली. यवतमाळला पाचच्या आत पोचायचं तर तीच शेवटची. सावली सरकली, ते सावलीबरोबर सरकले नाहीत. जेवायला मिळालेल्या दहा मिनिटांत मी बाहेर धावले.

"बाबू, गाडी गेली. तुमचं मत?"

त्यांनी वर पाहिलं. ओठ सुकून पांढरे पडले होते. "त्या दिवशी त्या पाचपर्यंत बसल्या होत्या, ताई," ते म्हणाले.

मी आत जाऊन यादी पुढं ओढली. पुढची नावं मी कशी वाचली ते आठवत नाही.

पाच वाजले. दार लावलं, मशीनला सील लावायचं काम सुरू झालं. खिडकीतून दिसलं, अनसूयाबाई चुन्याची रेघ ओलांडून कडुनिंबाकडे चालल्या होत्या, हातात पाण्याचा लोटा. त्या बाबूंसमोर थांबल्या.

"उठा बाबू. झाले पाच."

बाबू झाडाला धरून उठले, दुपट्टा सोडला, लोटा दोन्ही हातांनी घेतला आणि एका दमात रिकामा केला. संध्याकाळचं ऊन थेट त्यांच्या हातांवर पडलं होतं. डाव्या हाताच्या बोटावर शाई नव्हती.